कळावे, लोभ असावा

12 जून 2008 रोजी पृथ्वीने विश्वाला मक्याच्या चिप्सची जाहिरात पाठवली.

थट्टा नाही. उत्तर ध्रुवाच्या अलीकडे नॉर्वेची स्वालबार्ड बेटं आहेत. तिथे वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी रडार उभारलं आहे. त्या रडारवरून डोरिटोस कंपनीची जाहिरात सहा तास पुन्हा पुन्हा आकाशात सोडली गेली. जाहिरातीची गोष्ट अशी, की पाकिटातून सुटलेली चिप्सची टोळी आपल्यातल्याच एकाचा साल्सा-देवाला बळी देते. पत्ता होता 47 अर्सा मेजॉरिस, म्हणजे आपल्या सप्तर्षींच्या तारकासमूहातला एक सूर्यासारखा तारा. ज्यांच्या नावाने ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही न घालता भाजी रांधायची, त्यांना आपण बहुराष्ट्रीय चिप्स पाठवले.

जाहिरात अजून वाटेतच आहे. 2050 नंतर कधीतरी पोचेल. तिथे कुणी असलंच, तर पृथ्वीविषयी त्याला एवढंच कळेल की इथले रहिवासी त्रिकोणी असतात, कुरकुरीत असतात आणि आपल्याच माणसांचा बळी देतात. तिनातलं एक बरोबर आहे.

परग्रहावरच्यांना आपण होऊन हाक मारावी की मारू नये, यावर शास्त्रज्ञांचं पन्नास वर्षं भांडण चालू आहे. नुसतं कान लावून बसणारे ते सेटीवाले आणि हाका मारणारे ते मेटीवाले. भांडण अजून मिटलेलं नाही आणि हाका कधीच निघून गेल्या आहेत. आपल्याकडे पूल बांधून झाल्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा आपण चिडतो. ही पद्धत निदान आंतरराष्ट्रीय आहे, एवढं समाधान मानायला हरकत नाही.

सगळ्यांत गाजलेली हाक 16 नोव्हेंबर 1974 ची. पोर्तो रिको बेटावर अरेसिबोला डोंगरातल्या खळग्यात 305 मीटर व्यासाची थाळी बसवलेली होती. तिची सुधारणा करून ती नव्याने सुरू करायचा समारंभ होता. समारंभ म्हटला की पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं. फ्रँक ड्रेक यांनी 1,679 शून्य-एकांचा संदेश रचला, कार्ल सेगन आदींनी हातभार लावला आणि तीन मिनिटांच्या आत तो एम-13 या तारकागुच्छाकडे रवाना झाला. अंतर सुमारे 25,000 प्रकाशवर्षं. पलीकडच्याने पत्र वाचून त्याच दिवशी उत्तर टाकलं, तरी ते यायला 50,000 वर्षं लागणार. मानवजातीच्या वतीने झालेलं एवढं मोठं निवेदन उद्घाटनाच्या कार्यक्रमपत्रिकेतलं एक कलम होतं. चहापानाआधीचं की नंतरचं, एवढंच विचारायचं राहिलं.

संदेश हुशारीने रचलेला होता, हे मान्यच. 1,679 म्हणजे 23 गुणिले 73. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे वाचणाऱ्याने ते शून्य-एक रांगेत मांडून पाहिले तर चित्र उमटतं. त्यात अंक आहेत, अणू आहेत, डीएनए आहे, काड्यांचा माणूस आहे, सूर्यमाला आहे. आणि ज्या दुर्बिणीवरून तो पाठवला, तिचंही चित्र आहे. कोनशिलेशिवाय उद्घाटन कसलं?

लोकसंख्येचा आकडा त्यात 429 कोटी आहे. तेव्हा खरी लोकसंख्या 400 कोटींच्या आसपास होती आणि आज ती 800 कोटींच्या वर आहे. पत्र पेटीत पडलं तेव्हाच चुकलेलं होतं आणि पोचेपर्यंत शिळं होणार. हसू नये. आपल्याकडे स्वस्त धान्य किती जणांना द्यायचं याचा हिशोब अजून 2011 च्या जनगणनेवर चालतो, आणि ते धान्य तर फक्त गडचिरोलीपर्यंत न्यायचं असतं.

त्याच वर्षी नोबेल मिळवलेले ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल हे कळल्यावर खवळले. आपण आहोत हे सांगितलंत, वर कुठे आहोत तेही सांगितलंत, हे धोक्याचं आहे, असं त्यांनी ड्रेकना कळवलं. पलीकडून उत्तर तयार होतंच: आपल्या टीव्हीचा आणि रडारचा गोंगाट आधीपासून बाहेर जातोच आहे, आता लपून काय उपयोग? राइल यांची भीती मला फारशी पटत नाही. त्यांचा संताप मात्र पुरेपूर पटतो. चार अब्ज लोकांच्या नावाने पत्र गेलं आणि त्यातल्या फार तर काहीशे जणांना ते जाणार हे आधी माहीत होतं.

सगळा दोष अमेरिकेला द्यायला नको. 19 नोव्हेंबर 1962 ला क्रिमियातल्या येव्हपातोरिया इथून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी शुक्राकडे मोर्स संकेतात एक शब्द पाठवला: 'मीर', म्हणजे शांतता. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग होरपळता होरपळता वाचलं त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता, त्यामुळे शब्द योग्यच होता. पाच दिवसांनी आणखी दोन शब्द गेले: 'लेनिन' आणि 'सोव्हिएत संघ'. शांतता पाच दिवस टिकली आणि मग साहेबांचं नाव आलं. शुक्रावर आपटून उरलेला संदेश आता तूळ राशीच्या दिशेने चालला आहे. 'दूरदेशीहून वार्ता येईल' असं तुळेच्या साप्ताहिक भविष्यात छापणाऱ्यांना इतका भक्कम शास्त्रीय आधार पुन्हा मिळायचा नाही.

*

1977 ची व्हॉयेजर यानांवरची तबकडी ही रेडिओवरची हाक नव्हे. यान कुणाच्या हाती लागलं तरच ती ऐकली जाणार, आणि तशी शक्यता जवळजवळ नाही. पण आपण स्वतःविषयी काय सांगतो हे पाहायचं तर तिच्यासारखा कागद नाही. तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा, आत शंभराहून जास्त चित्रं, नव्वद मिनिटांचं संगीत आणि 55 भाषांतली अभिवादनं.

हा सरळसरळ लग्नाचा बायोडाटा आहे. स्वभाव मनमिळाऊ, संगीताची आवड, घरचं वातावरण सुसंस्कृत. बाख आहे, बीथोव्हेन आहे, व्हेल माशाचं गाणं आहे. युद्ध नाही, गुन्हा नाही, गरिबी नाही, रोगराई नाही. सेगन यांच्या समितीने हे विसरून नव्हे, ठरवून गाळलं. मुलीकडच्यांनी चौकशी केली तर बघू.

त्याआधी पायोनियर यानांवरच्या फलकावर नग्न स्त्री-पुरुषाचं रेखाचित्र कोरलं, तेव्हा अमेरिकेत ओरड झाली होती. त्या चित्रातल्या पुरुषाला सर्व अवयव आहेत, बाईच्या वाट्याला एक रेघ कमी आली आहे. तरीही ओरड झालीच. म्हणून व्हॉयेजरच्या वेळी नासाने जोडप्याचा नग्न फोटो नाकारला आणि त्याची नुसती छायाकृती पाठवली. कपडे म्हणजे काय हे पलीकडच्यांना ठाऊक असेल की नाही याची खात्री नाही, पण संस्कार आधी पोचले पाहिजेत.

चित्रांमध्ये भारतातल्या गर्दीच्या वेळच्या वाहतुकीचा एक फोटो आहे. परग्रहावरच्या आक्रमणापासून पृथ्वीचं रक्षण करण्यासाठी आजवर जे काही झालं, त्यात हा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो.

बायोडाट्याला वडीलधाऱ्याची शिफारस लागते. ती दिली संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी. आम्ही फक्त शांतता आणि मैत्री शोधत सूर्यमालेबाहेर पडतो आहोत, असं त्यांनी आपल्या सर्वांच्या वतीने ध्वनिमुद्रित केलं आहे. नऊ वर्षांनी हे गृहस्थ ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि लोकांनी त्यांचं चरित्र तपासलं. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं त्यातून गायब होती. त्या वर्षांत ते बाल्कनमध्ये हिटलरच्या सैन्यात अधिकारी होते. हे 1986 च्या मार्चमध्ये गाजलं. व्हॉयेजर-2 जानेवारीतच युरेनसला वळसा घालून पुढे गेलं होतं, त्यामुळे दुरुस्तीला जागा नव्हती. ऑस्ट्रियाने त्यांना निवडून दिलं हा भाग वेगळा. अमेरिकेने 1987 साली त्यांना देशात यायला बंदी केली. न्यूयॉर्कच्या विमानतळावर ज्यांना उतरता येईना, ते आकाशगंगेत आपले प्रतिनिधी आहेत. अजून आहेत.

अभिवादनं ऐकण्यासारखी आहेत. चीनच्या आमॉय बोलीत एका बाईने अवकाशातल्या मित्रांना 'जेवलात का?' असं विचारलं आहे आणि सवड मिळाली की या, असं आमंत्रणही दिलं आहे. राइलसाहेब इकडे घाबरून पत्रं लिहीत होते, आणि इथे जेवणाची पंगत मांडून झाली होती. गुजरातीतल्या अभिवादनात एक पृथ्वीवासी नमस्कार कळवतो आणि संपर्क साधण्याची विनंती करतो. मराठीतही अभिवादन आहे. त्यात पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभविचार पाठवतात आणि या जन्मी तुम्ही धन्य व्हावं अशी इच्छा व्यक्त करतात. म्हणजे गुजराती माणसाने पुढचा व्यवहार खुला ठेवला आणि आपण आशीर्वाद देऊन मोकळे झालो. त्यातही 'या जन्मी'! परग्रहवासीयाला पुढचेमागचे जन्म असतात, हे आपण कुणाला न विचारता सूर्यमालेबाहेर जाहीर करून टाकलं. अशा ठिकाणी पुरावा मागायचा नसतो.

एका बाबतीत मात्र जीभ चालत नाही. त्या तबकडीवर सूरश्री केसरबाई केरकर आहेत. गोव्याच्या केरीत जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांची कडक तालीम घेतलेल्या केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली. व्हॉयेजर-1 ने 5 सप्टेंबर 1977 ला जमीन सोडली आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या. आता ते यान पृथ्वीपासून साधारण एक प्रकाशदिवस अंतरावर, सेकंदाला 17 किलोमीटरच्या वेगाने चाललं आहे, आणि माणसाने बनवलेली दुसरी कुठलीही वस्तू त्याच्याइतकी दूर गेलेली नाही. आता एवढंच, की भैरवीने आपण मैफल संपवतो. विश्वाशी ओळखच भैरवीने करून दिली, म्हणजे पाहुणे दारातच टाळ्या वाजवून परत जायचे. नासाला हे कुणी सांगितलं नसावं.

*

बायोडाटा वाचून खरंच कुणी आलं तर? स्टीफन हॉकिंग यांनी 2010 साली बजावलं होतं की असं काही करू नका. कोलंबस अमेरिकेत उतरला तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांचं काय झालं ते आठवा. सल्ला गंभीर होता. पण आमंत्रणांच्या बाबतीत हॉकिंग स्वतः थोडे सैल होते. आदल्याच वर्षी त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी दिली, आणि आमंत्रण मेजवानी संपल्यावर जाहीर केलं. भविष्यातून कुणी येऊ शकत असेल तर येईल, हा हिशोब. कुणी आलं नाही. शॅम्पेन मात्र होती.

कोलंबसाचं उदाहरण युरोपातल्या माणसाला पटकन सुचतं, कारण बोटीत बसलेले त्याचेच पूर्वज होते. आपण किनाऱ्यावरचे लोक. आपल्याला आठवायला हवेत राघोबादादा.

1775 च्या मार्चमध्ये दादासाहेबांनी सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला. बारभाईंनी त्यांना पेशवाईवरून दूर केलं होतं, म्हणजे राज्याच्या वतीने बोलायचा अधिकार त्यांच्याकडे उरला नव्हता. तरी त्यांनी फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. त्यांच्याशी तह करणाऱ्या मुंबई कौन्सिललाही तो करायचा अधिकार नव्हता. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी तह नाकारला आणि पुढच्या वर्षी पुरंदरला दुसरा केला. अधिकार नसलेल्या एकाने अधिकार नसलेल्या दुसऱ्याला सगळ्यांच्या नावाने बोलावलं, आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध 1782 पर्यंत चाललं. बोलावलं नसतं तर इंग्रज आलेच नसते असं कोणी म्हणणार नाही. ते आले असतेच. पण 'पाहुणा किती बलाढ्य?' हा प्रश्न विचारण्याआधी पुण्याने 'बोलावलं कुणी?' हा प्रश्न विचारला होता, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो.

तेव्हा हॉकिंगची भीती जरा बाजूला ठेवू. ती ठेवायला कारणही आहे. पृथ्वीच्या हवेत दोनशे कोटी वर्षांहून अधिक काळ प्राणवायू आहे, आणि तो सजीवांमुळे आहे. दूरच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाच्या हवेत काय आहे ते ओळखायला आपणही आता शिकलो आहोत. म्हणजे पलीकडे आपल्यापेक्षा थोडं पुढे गेलेलं कुणी असेल, तर इथे काहीतरी जगतंय हे त्याला माणूस जन्मायच्या आधीपासून माहीत असणार. टीव्हीची गळती त्यामानाने क्षीण आहे, काही प्रकाशवर्षांत विरून जाते. अरेसिबोसारख्या थाळीतून एका दिशेला सोडलेला झोत तसा विरत नाही. म्हणून 'आपला आवाज जातोच आहे' हे मेटीवाल्यांचं म्हणणं अर्धवट आहे. कुजबुज ऐकू जातेच, म्हणून भोंगा लावायला काय हरकत, असं ते म्हणतात.

2015 च्या फेब्रुवारीत काही शास्त्रज्ञ, लेखक आणि उद्योजकांनी एक निवेदन काढलं, की जगभर चर्चा झाल्याशिवाय असे संदेश पाठवू नयेत. लेखक डेव्हिड ब्रिन त्यात होते. आणि इलॉन मस्क यांचीही सही होती. तीन वर्षांनी, 2018 च्या फेब्रुवारीत, मस्क यांनी आपली लाल मोटार अवकाशात सोडली. चाकामागे अंतराळपोशाख घातलेला पुतळा, आणि आत एका सर्किट बोर्डवर ही पृथ्वीवर माणसांनी बनवली आहे असा मजकूर. जगाशी चर्चा कधी झाली ते कळलं नाही. पुढे त्यांच्या कंपनीचे हजारो उपग्रह आकाशात गेले. नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीतून 2023 साली शास्त्रज्ञांनी मोजलं, तर त्या उपग्रहांमधून हेतू नसलेल्या रेडिओ लहरी झिरपताना सापडल्या. सही करणाऱ्याने आपल्या भोंग्याचं मोजमाप करून मग सही करावी, अशी अट त्या निवेदनात नव्हती.

कायदा काय म्हणतो? 1989 साली सेटीवाल्यांनी एक जाहीरनामा केला: कुणाचा संदेश आला तर आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर देऊ नये. तो कुणावर बंधनकारक नाही, पण आहे. म्हणजे कुणी आपल्याला हाक मारली तर 'ओ' देण्याआधी सभा बोलवायची, आणि आपण होऊन हाक मारायची असेल तर थेट मारायची. प्रक्षेपणाला परवाना लागतो तो लहरींच्या वारंवारितेसाठी. कुणाच्या नावाने बोलताय, असा रकाना त्या अर्जात नाही.

याच्या उलट ऐकण्याची गत बघा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, काही मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना पांगलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली त्याचं एक कारण म्हणजे तिथे रेडिओ गोंगाट कमी होता. ही दुर्बीण कुणाला काही सांगत नाही, फक्त ऐकते. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरता उतरता आपटलं. उतरतानाचा त्याचा क्षीण आवाज जुन्नर तालुक्यात ऐकू आला होता. आणि एवढं ऐकता यावं म्हणून काय काय थांबवावं लागतं? मोबाईलचे मनोरे, कारखाने, विजेच्या ठिणग्या, सगळ्यांवर नजर. पुणे-नाशिक रेल्वेची आखणीदेखील या दुर्बिणीला बाधते म्हणून अडली आणि दुसऱ्या मार्गाचा विचार सुरू झाला. नुसतं ऐकायचं तर रेल्वे मंत्रालयापासून शेजारच्या गावापर्यंत सगळ्यांशी बोलावं लागतं. सगळ्या पृथ्वीच्या वतीने बोलायचं तर एक थाळी भाड्याने घेतली की झालं.

*

आणि थाळ्या भाड्याने मिळतात. 2008 हे वर्ष तर हंगामाचं होतं. फेब्रुवारीत नासाने आपल्या पन्नाशीनिमित्त बीटल्सचं गाणं ध्रुवताऱ्याकडे पाठवलं. ध्रुवतारा 431 प्रकाशवर्षांवर आहे असं तेव्हा सांगितलं गेलं. तो पृथ्वीच्या मानाने अगदी कोवळा, महाकाय तारा. त्याच्याभोवती गाणं ऐकणारं कुणी तयार व्हायला सवडच मिळालेली नाही. ध्रुवबाळाला अढळपद तप करून मिळालं, आता त्याला इंग्रजी गाणीही ऐकावी लागणार. डिसेंबरात अवकाशातून आलेल्या पाहुण्यावरचा एक हॉलिवूडपट प्रदर्शनाच्याच दिवशी अल्फा सेंटॉरीकडे सोडला. तो चार वर्षांत पोचला असणार. तिकडून परीक्षण आलेलं नाही, यावरून काय ते समजावं.

2012 साली एका वाहिनीने उडत्या तबकड्यांवरच्या आपल्या मालिकेच्या प्रसिद्धीसाठी दहा हजार ट्विट अरेसिबोवरून आकाशात सोडले. 1977 साली ओहायोतल्या दुर्बिणीत 72 सेकंद एक गूढ संकेत आला होता, त्याला हे पस्तीस वर्षांनी दिलेलं उत्तर. जाहीरनाम्यातली सल्लामसलत हॅशटॅगने आटोपली. 2013 साली आणखी एक उद्योग निघाला: पहिला संदेश फुकट, पुढचे पैसे टाकून. तो काही महिन्यांत बंद पडला. पृथ्वीवरच्यांनीच वर्गणी भरली नाही.

या सगळ्यांत कुणी परग्रहवासीयांशी बोलत नाही, हे एकदा लक्षात आलं की राग जरा उतरतो. पत्ता तिकडचा असतो आणि वाचक इकडचे. डोरिटोसला सप्तर्षींत चिप्स खपवायचे नव्हते, ब्रिटनमध्ये खपवायचे होते. अरेसिबोलाही त्या दिवशी एम-13 पेक्षा समोर बसलेले पाहुणे जास्त महत्त्वाचे होते. मेटीवाल्यांतले प्रामाणिक लोक आहेत, नाही असं नाही. येव्हपातोरियाच्या थाळीवरून आयुष्यभर हाका मारणारे अलेक्सांद्र झाइत्सेव म्हणत, सगळेच नुसते ऐकत बसले तर ऐकू काय येणार? मुद्दा बिनतोड आहे. पण हाकेची जबाबदारी कोण घेणार, याला त्यात उत्तर नाही. ज्याचं उत्तर येईपर्यंत पाठवणारा हयात नसतो, त्या पत्राची फिकीर पाठवणारा कशाला करील?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. कायदा नको, जागतिक परिषद नको. संदेश ज्याने पाठवला त्याने उत्तर येईपर्यंत थाळीजवळ बसून राहावं.

अरेसिबोचं प्रकरण यात बसणार नाही. 50,000 वर्षं थांबायचं होतं, पण ती दुर्बीणच 46 वर्षांत, 1 डिसेंबर 2020 ला, कोसळली. झाइत्सेव यांनी 2008 च्या ऑक्टोबरमध्ये बेबो या समाजमाध्यमाच्या सदस्यांचे 501 संदेश ग्लीझ 581 या ताऱ्याकडे पाठवले, ते 2029 साली पोचतील. बेबो त्याच वर्षी 85 कोटी डॉलरला विकली गेली होती. 2013 साली दिवाळखोरीत निघाली आणि तिच्या संस्थापकाने ती दहा लाखांत परत घेतली. आणि थाळी ज्या क्रिमियात आहे तो रशियाने 2014 साली युक्रेनकडून बळकावला. 2049 च्या सुमारास उत्तर आलंच, तर ते कुणाच्या हातात द्यायचं हे ठरवायला आधी युद्ध संपावं लागेल.

बार्सिलोनाच्या सोनार महोत्सवाने मात्र बरं केलं. त्यांनी आणि मेटीवाल्यांनी 2017 साली नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून ल्युटेनच्या ताऱ्याकडे दहा-दहा सेकंदांचे संगीताचे तुकडे पाठवले. अंतर फक्त 12.4 प्रकाशवर्षं. त्यांना 2042 पर्यंत बसायचं आहे. सोबत संगीत आहे, थंडी बऱ्यापैकी आहे, आणि स्वालबार्डच्या रडारवर चिप्सवाल्यांचीही बैठक त्याच देशात असणार. कंटाळा आला तर एकमेकांकडे जाता येईल.